तळाची पट्टी

माझ्या धाकट्या जावेला सगळं शोभतं. हे वाक्य लिहायला सोपं आहे, घशाखाली उतरवायला नाही. पिवळा शोभतो, जांभळा शोभतो, दुकानात कुणी हात न लावलेला शेवाळी रंगही तिच्या अंगावर गेला की दुसऱ्या दिवशी बायका तोच मागत येतात. मी घातला तर अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, विचारतात, "बरं नही का तुले?"

जळगावात आमचं बायकांच्या कपड्यांचं दुकान आहे, मागच्या बाजूला घर. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, काही वर्षांपूर्वी परदेशातून होजियरीचे टॉप मागवायला सुरुवात केली, तेव्हा कस्टमचं काम घरातल्या कुणाला तरी शिकणं भाग होतं. नवरा म्हणाला, मला जमणार नाही. दीर तेव्हा कॉलेजात होता. मी धरणगावची, बी.कॉम. झालेली, आणि दुकानाच्या माडीवर दुपारी झोपा काढायचा मला कंटाळा आला होता. बंदरावरच्या एजंटाला फोन करून करून, त्याचं डोकं खाऊन मी ते काम शिकले. माडीवर खिडकीपाशी एक टेबल आलं. ते माझं टेबल.

काम ऐकायला रुक्ष वाटतं, पण मला त्याचं वेड लागलं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालाला सरकारी वर्गवारीत एक घर असतं, आणि घरागणिक ड्युटी बदलते. गिऱ्हाइकाला टॉप म्हणजे टॉप. मी मात्र त्याला उलटासुलटा करून चौकशी करते. बाई गं, तू होजियरीची की मागावरच्या कापडाची? तुझ्यात सूत जास्त की पॉलिस्टर? गळ्याशी बटणं आहेत? कमरेखाली खिसा आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तळाशी कमरेला आवळणारी रिबची पट्टी आहे का? पट्टी निघाली की ब्लाउजच्या घराचं दार बंद. मग तो टॉप कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ का असेना, त्याने निमूट पुलोव्हरच्या घरात जायचं. जळगावच्या मे महिन्यात पुलोव्हर! मला याचं हसू यायचं आणि अभिमानही वाटायचा, कारण हे घरात मला एकटीलाच कळत होतं.

एजंटाचा फोन आला की आबा एवढंच विचारत, "मोठीनी देखं ना? मंग बठ्ठं बराबर शे." मोठीनं पाहिलं म्हणजे सगळं बरोबर! माझ्या आईवडिलांनीही माझं एवढं कौतुक कधी केलं नसेल.

आमच्या घरची आणखी एक रीत सांगायला हवी. नवा नमुना आला की पहिला नग सुनेने घालायचा आणि दिवसभर घरात वावरायचं. अक्का जवळून बघणार, आबा पेपरच्या आडून. जो कपडा सुनेला सासऱ्यासमोर घालता येत नाही, तो नशिराबादच्या लेकीबाळींना विकायचा नाही, हा आबांचा कायदा. कुठे अंगाला चिकटत असेल तर अक्का लगेच मशीनवर बसून सैल करून देत. त्याने वर्गवारीत घोळ व्हायचा नाही, कारण नग माझ्याच अंगावर असायचा आणि काय उसवलं, काय कापलं ते मला ठाऊक असायचं. घरात वावरून झालं की तोच नग माझ्या टेबलावर.

मग दिराचं लग्न झालं आणि धुळ्याची ही पोर घरात आली. आल्या आल्या पहिला नग तिच्याकडे गेला. मला कुणी विचारलं नाही, कुणी काढूनही घेतला नाही. एके दिवशी मी भाजी निवडत होते आणि ती नवा टॉप घालून समोरून गेली, एवढंच. आबांनी पेपर खाली ठेवून पाहिलं. माझ्या वेळी पेपर कधी खाली आला नव्हता.

त्यावरही मी गप्प बसले असते. पण पुढे धुळ्याला दुसरं दुकान निघालं, माल दुप्पट येणार असं ठरलं, आणि जाऊबाई माडीवर येऊन माझ्या शेजारी स्टूल टाकून बसू लागल्या. "ताई, हा ब्लाउज का? आणि तो टी-शर्ट का?" विचारायची ती गोड, आणि एकदा सांगितलेलं विसरायची नाही. एका जेवणाच्या वेळी आबा म्हणाले, "आते काम वाढनं. शेवटला शबुद एकनाच पाहिजे. हाऊ लॉट सुटू दे, मंग देखूत टेबलवर कोन बसी." सगळे जेवत राहिले. माझ्या हातातला घास मात्र हातातच राहिला. माझ्या टेबलावर कोण बसणार, हा काय प्रश्न झाला?

त्या लॉटचा नमुना आला तो फिकट गुलाबी, पॉलिस्टरचा, गळ्याशी छोटी बटणं. मी माडीवर होते. खालून अक्कांची हाक आली, "मोठी, खाले ये, नवा नग उना." मला वाटलं, जाऊबाईंची मिरवणूक बघायला बोलावतात. तीही वरच्या आवाजात हसत होती. माझं डोकं फिरलं. "डोकं दुखतंय माझं," मी जिन्यातूनच ओरडले आणि दार लावून घेतलं. खाली थोडा वेळ मशीनचा आवाज आला, मग तोही थांबला.

सकाळी नग टेबलावर होता, घडी घालून, इस्त्री करून. मी नेहमीसारखी चौकशी केली. होजियरी. पॉलिस्टर जास्त. गळ्याशी बटणं. खिसा नाही. तळाला साधी दुमड, आवळणारं काही नाही. ब्लाउज. एजंटाला कळवलं, आणि ब्लाउज का, ते जाऊबाईंना मुद्दाम सांगितलंही नाही.

माल बंदरावर लागला आणि एजंटाचा फोन आला. त्याचा आवाजच वेगळा होता. "मॅडम, खोकी उघडली. प्रत्येक पीसला खाली रिबची पट्टी आहे. कस्टमचे साहेब म्हणतात, हा पुलोव्हर आहे, तुम्ही ब्लाउज लिहिलाय. माल अडवलाय." मागोमाग फोटो आले. गुलाबी टॉप, आणि तळाला वीतभर नाही पण चांगली चार बोटं रुंद पट्टी. मी टेबलावरचा नग पुन्हा उलटा केला. दुमडीच्या आत कापल्याची बारीक कड होती. कुणीतरी पट्टी काढून टाकली होती.

कुणीतरी! मला नाव शोधावं लागलं नाही. मी नग हातात घेऊन जिना उतरले तो तळपायाची आग मस्तकात घेऊन. आबा, अक्का, दीर, जाऊ, सगळे बैठकीत होते.

"हिने पट्टी काढली," मी म्हणाले. "घालून मिरवायला काढली आणि मला सांगितलं नाही. माझं टेबल पाहिजे ना हिला? घे बाई, तूच बस."

दीर उठायला लागला. जावेने त्याचा हात धरला. तिचं तोंड उतरलं होतं. "आबा, चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मी ताईंना सांगायला हवं होतं."

"तुन्ही कसानी चूक?" अक्का मध्येच बोलल्या. "पट्टी मीच काढी ना! मोठीना मापले घट्ट व्हती ती. धाकली बोलनी, पहिला नग ताईसना शे, त्याच घालतीन. मंग मी सैल करी. हाक बी मारी तुले. तू उनीच नही."

मी हातातल्या टॉपकडे पाहिलं. तो माझ्यासाठी कापला होता. माझ्या कमरेच्या मापाने.

पुढचं एजंटाने निस्तरलं. नमुना कसा बदलला ते लेखी दिलं, घर बदलून पुलोव्हर केलं, फरक आणि दंड भरला, माल सुटला. वरणगावच्या बायकांनी तो पुलोव्हर भर उन्हाळ्यात हातोहात नेला.

लॉट सुटल्यावर आबांनी टेबलाचा विषय काढला. मी मान खाली घालून बसले होते, कारण मी आबांच्या जागी असते तर मला टेबल दिलं नसतं. आबांनी आधी धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "टेबल ताईंचंच आहे, आबा. मी स्टुलावरच बरी."

आबांनी मान डोलावली. झालं. टेबल माझं राहिलं.

माझं राहिलं म्हणजे काय, तिने दिलं म्हणून राहिलं. भांडून घेतलं असतं तर मी आयुष्यभर मिरवलं असतं. हिने मला तेवढीही सोय ठेवली नाही. रूप तिचं, रंग तिचे, आबांचा पेपर तिच्यासाठी खाली, आणि आता मोठेपणाही तिचाच. मी काय करायचं होतं? दुपारी माडीवर ती शेजारी येऊन बसते, नवा नग हातात घेते, आणि सगळ्यात आधी त्याचा तळ उलटा करून मला दाखवते. बोलत नाही. मला तेही सहन होत नाही.

गुलाबी नग बरेच दिवस खुंटीला होता. एकदा ती धुळ्याच्या दुकानात जायला निघाली होती म्हणून मी तो घालून आरशासमोर उभी राहिले. बस चुकली म्हणून ती परत आली आणि दारात थांबली.

"ताई, किती शोभतो तुम्हाला," ती म्हणाली.

मी आरशात पाहिलं. खरंच शोभत होता. मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही, आणि तिला चहासुद्धा विचारला नाही.