घोटभर पाणी

माझ्या मामाच्या सलूनमध्ये केस कापायला कमी आणि त्याच्या गप्पा ऐकायला जास्त माणसं येत. मग एका सकाळी त्याच्या मेंदूतली बारीकशी रक्तवाहिनी तुंबली. लुळा पडलेला हात हळूहळू वळणावर आला, बोलणंही परतलं. गिळणं मात्र परतेना. घसा शाबूत होता, पण त्याला हुकूम देणारा मेंदूचा कोपरा रुसला होता. प्यायलेलं पाणी श्वासनळीत शिरायचं. म्हणून पोटात अन्न जायला नाकातून नळी.

"न्हाव्याच्या मिशीवर नळी! शोभा गेली सगळी," मामा म्हणाला.

"जीभ चालतेय ना? मग बरे आहात," असं म्हणून मामीने पाठ फिरवली आणि डोळे पुसले.

गिळण्याचे व्यायाम शिकवणारी ताई घरी यायची. घट्ट दही जमू लागलं. पाणी मात्र चपळ. घसा सावध व्हायच्या आत निसटायचं. पाणी नीट गिळता आलं तरच नळी निघणार होती, आणि नळी घेऊन मामा सलूनची पायरी चढणार नव्हता.

चमचा तोंडाशी आला की तो मान मागे टाकायचा.

"असं का करता, काका?" ताईने विचारलं.

"दाढीला मान मागे घेतली की गळा कसा मोकळा होतो! जन्मभर बघतोय."

"मोकळी होते ती श्वासाची वाट. पाणी तिथेच घुसतं. मानेवरचे केस कापताना गिऱ्हाइकाला काय करायला लावता?"

मामाने स्वतःचाच हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि हनुवटी छातीला टेकेपर्यंत दाबलं. तसाच सराव सुरू झाला.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात त्याला क्ष-किरण यंत्रासमोर बसवलं. पडद्यावर दिसावं म्हणून पाण्यात औषध मिसळलं होतं. मामाने डोक्यावर हात ठेवला.

"हलू नका साहेब, कान कापला जाईल," तो स्वतःलाच म्हणाला, आणि प्याला.

पडद्यावर काळी रेघ उतरली. श्वासनळीच्या तोंडाशी आली, तिला वळसा घातला आणि सरळ अन्ननलिकेत गेली.

"आ म्हणा," डॉक्टर म्हणाले.

"आऽऽ!" कुठे घरघर नाही, ठसका नाही.

"काढूया नळी."

काचेमागून बघणारी मामी दार ढकलून बाहेर धावली. "आमचे हे पाणी प्याले!"

बाकांवरच्या अनोळखी माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळेच वाजवू लागले.