जाळ्यावर निघालेला माणूस

माझे धाकटे दीर वामन हे सारसोळे गावचे. खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातून लष्करात जाऊन सुभेदार झालेले आमच्या गावातील ते पहिलेच. माझे यजमान नामदेव यांनी होडीच्या सुकाणूवरची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. निवृत्त झाल्यावर वामनभाऊ तेथे बसतील, असे घरात ठरलेले होते.

आमच्याकडे एक रीत आहे. जाळ्यावर, म्हणजे खाडीत लावलेल्या जाळ्यातील मासळी काढण्यास, निघालेल्या माणसास अडवू नये. ओहोटी कोणासाठी थांबत नाही. जाळ्यात मासळी कुजली, तर तिचा शाप अडवणाऱ्यास लागतो.

सन १९८७ मध्ये भाऊ शांतिसेनेबरोबर श्रीलंकेस गेले. तेथे एकाच देशातील माणसे एकमेकांस मारीत होती. भाऊंची नेमणूक खाडीकाठच्या चौकीवर झाली. प्रत्येक होडी तपासावी, असा हुकूम होता. एके सकाळी एक म्हातारा उतरत्या पाण्याकडे बोट करून हात जोडू लागला. त्याच्या हातांना घट्टे होते. होडीतील बदलीच्या जाळ्याला ताजी दुरुस्ती केलेली होती. भाऊंनी जाळे न उचलता त्यास जाऊ दिले. जाळ्याखाली सुरुंग होते. दुपारी त्यांतील एक रस्त्यावर फुटला आणि भाऊंच्या हाताखालचा, नावडे गावचा पोपट नावाचा जवान मारला गेला.

१९८९ साली भाऊ निवृत्त होऊन घरी आले. दुसऱ्याच सकाळी यजमान म्हणाले, "वामन, सुकानू तुजा हाय. चल, पानी उतरतंय."

"पयला जाला उचल," भाऊ म्हणाले.

"कशाला रं?"

"खाली बगाचा हाय."

तेव्हापासून ते रोज धक्क्यावर उभे राहून प्रत्येक होडी अडवू लागले. आरंभी लोक हसले. शेजारचा दत्तू म्हणाला, "काय सुभेदार, चिखलातल्या निवट्या मासल्यांनी बंदुका घेतल्या काय?" पुढे या अडवणुकीत त्याच दत्तूची ओहोटी चुकली आणि जाळ्यातील मासळी वाया गेली. मग लोक दुसऱ्या बाजूने होड्या काढू लागले.

यजमानांनी वर्षभर वाट पाहिली. नंतर एकदा म्हणाले, "वामन, सुकान्यावर दत्तूच्या भावाला बसवू काय?"

"बसव," भाऊ म्हणाले. "पन जाला उचलल्याबिगर जाऊ नको."

आता त्या धक्क्यावरून आमची एकच होडी निघते. यजमान जाळे उचलून धरतात. भाऊ वाकून पाहतात, ओल्या फळ्यांवरून हात फिरवतात आणि "जा" म्हणतात. होडी गेल्यावरही ते तेथेच उभे राहतात. घरी बोलावण्यास आम्ही आता जात नाही. तेही जाळ्यावर निघालेलेच; त्यांस अडवू नये.