लाल सिग्नलवर पाय न टेकता उभे राहिल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वय पन्नाशीपुढे, शिक्षण नववी, व्यवसाय कचेरीच्या फाटकाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणे. विरुद्ध पक्ष: माझी एकुलती एक कन्या, हल्ली मुक्काम खराडी. घटनेचा दिवस: रविवार, सकाळी. स्थळ: शनिवार पेठेतील आमच्या घराजवळचा चौक. साक्षीदार: सौभाग्यवती, एक रिक्षाचालक आणि फिरायला निघालेले एक सद्गृहस्थ. नावे मुद्दाम वगळली आहेत, कारण मुख्य साक्षीदाराच्या हातचे मला रोज जेवायचे आहे.

कन्या नोकरीसाठी खराडीला राहायला गेली, तेव्हा तिची फिक्स्ड गिअर सायकल आमच्या जिन्याखाली राहिली. या सायकलीला फ्रीव्हील नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. स्वाराला विसावा नाही. हिच्यावर जमिनीला पाय न लावता जागच्या जागी उभे राहण्याची एक विद्या आहे. ती शिकवायला कन्या दर रविवारी येऊ लागली.

पहिल्याच दिवशी मी आमच्या पिढीच्या रीतीने, डावा पाय पायडलवर ठेवून, उजव्याने उड्या मारीत टांग टाकायला गेलो. साध्या सायकलीचे पायडल अशा वेळी खाली मुकाट थांबते. या पायडलने मला उचलले आणि शेजाऱ्यांच्या तुळशीच्या कुंडीपाशी ठेवले.

"अहो, चढताय की प्रदक्षिणा घालताय?" सौभाग्यवतींनी गॅलरीतून विचारले.

पुढचा घोटाळा समजुतीचा होता. उभे राहणे म्हणजे स्तब्ध राहणे, असे मी धरून चाललो होतो. स्तब्ध राहिलो की पडत असे. "बाबा, हँडल थोडं वळवा, पायडलं आडवी ठेवा आणि पुढे-मागे रेटत राहा. हलत राहिलात तरच उभे राहाल," असे ती सांगे. हे मला लेखी द्यावे, अशी मी मागणी केली. तिने मोबाइलवर पाठवले. त्याने काही फरक पडला नाही.

मग एके रविवारी ती म्हणाली, "बाबा, सीरियसली, तुम्हाला जमत नाहीये. मी सायकल मैत्रिणीला देऊन टाकते." मी जागेवरच हरकत घेतली. तडजोड अशी झाली की, चौकातला एक लाल सिग्नल मी पाय न टेकता पूर्ण काढला, तर सायकल जिन्याखालीच राहील. सायकल गेली की शिकवणी जाणार, आणि शिकवणी नसताना ती दर रविवारी पेठेत येईल, असे मानण्यास मला कोणताही सबळ आधार आढळत नाही.

परीक्षेच्या दिवशी सिग्नल लाल झाला आणि मी रेषेच्या आत थांबलो. रविवारी सकाळी लाल सिग्नलला थांबणारा मी चौकातला एकमेव नागरिक असल्याने मागच्या रिक्षाचा खोळंबा झाला.

"काका, सिग्नल पाळताय की मुहूर्त बघताय?"

मी पुढे-मागे रेटत राहिलो. तोल होता. होय, होता! पदपथावर कन्या मोबाइल रोखून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरची शंका कमी होताना मी स्वतः पाहिली. तेवढ्यात ते सद्गृहस्थ जवळ आले.

"अहो, चक्कर येतेय का तुम्हाला?"

तोंड उघडले की तोल जातो, म्हणून मी गप्प राहिलो. न बोलणारा माणूस अत्यवस्थ असतो, असे समजून त्यांनी माझी सीट मागून घट्ट धरली आणि सिग्नल हिरवा होईपर्यंत सोडली नाही. वर म्हणाले, "या वयात सायकल जपून चालवावी."

"पाय टेकला नाही, मान्य," कन्या म्हणाली, "पण असिस्टेड आहे. काउंट होत नाही."

मी सौभाग्यवतींकडे दाद मागितली. त्या म्हणाल्या, "धरलं नसतं तर पडला असतात. मी वरून बघत होते." ही साक्ष केवळ अंदाजावर आधारलेली असून ती विचारात घेऊ नये.

सबब विनंती की, मदत मी मागितली नव्हती, स्वीकारली नव्हती, आणि तोल ती मिळण्यापूर्वीच साधलेला होता, हे ध्यानी घेऊन मागील निकाल रद्द करावा व माझी नव्याने परीक्षा घ्यावी. ती घेण्यासाठी विरुद्ध पक्षाने येत्या रविवारी जातीने हजर राहावे. पुन्हा अनुत्तीर्ण झाल्यास त्यापुढच्या रविवारी आणखी एक संधी मिळावी. तोवर सायकल जागची हलवू नये. नाश्त्याला पोहे की उपमा, हे उलट टपाली कळवावे.