चार लूम, चार रांगा

मिल बंद झाली तेव्हा मी वीव्हिंग खात्यात सुपरवायझर होतो. चाळिशी उलटलेली आणि अंगात विद्या एकच, कापडातला दोष लांबून ओळखायची. इंदूरात तेव्हा परदेशी टीव्हीची दुकानं उघडत होती आणि आमच्यासारखे लोक त्यांच्या काचेसमोर उभे राहून दिवस काढत होते. तिथंच कळलं की महूच्या एका निवृत्त मेजरसाहेबांनी हातोद गावाच्या पुढे वाइनच्या द्राक्षांचा मळा केलाय आणि त्यांचा मॅनेजर सोडून गेलाय. मी सरळ जाऊन उभा राहिलो.

"अंगूर का कुछ पता है?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. पण माणसांकडून काम बरोबर करवून घेता येतं."

ते हसले आणि मराठीवर आले. दोन वर्षं भुरीनं सगळे घड खाल्ले होते. वेलीवर पांढरी भुकटी धरणारा हा रोग. "एक सीझन देतो," म्हणाले. "नाही जमलं तर वेली उखाड़ के सोयाबीन. सीधी बात."

मी मिलची वीस माणसं बरोबर नेली. त्यांत वाइंडिंग खात्यातल्या एक मावशी होत्या, वयानं माझ्याहून मोठ्या आणि जिभेनं त्याहून तिखट. मळा गेला असता तर या सगळ्यांची रोजी दुसऱ्यांदा गेली असती, आणि या खेपेस दोष माझ्या माथी आला असता.

एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी झाली. वेल अगदी बोडकी करायची, म्हणजे नव्या काड्या फुटतात. गावातल्या एका जाणत्या मजुरानं शिकवलं आणि आमचे हात भराभर शिकले. मग मी मिलचीच पद्धत लावली. तिथं एका विणकराकडे चार लूम असायचे, इथं एका माणसाकडे चार रांगा. त्याच रांगा, रोज, वर्षभर. डाग दिसला की त्यानं स्वतः येऊन सांगायचं. गावकरी आम्हाला हसले. हसोत बापडे.

काड्या तारेला बांधायची वेळ आली आणि आमचा माज आम्हाला नडला. विणकरी गाठीचा आम्हाला कोण अभिमान! पापणी लवायच्या आत बसते आणि जन्मात सुटत नाही. एकही गाठ हलता कामा नये, असा मी हुकूमच सोडला. दोन दिवसांत अख्खा मळा बांधून झाला. मेजरसाहेबांनी शाबासकी दिली आणि मी आठवडाभर छाती काढून हिंडलो.

कापड विणल्यावर जाड होत नाही, काडी होते. एवढी साधी गोष्ट एकवीस मिलवाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. श्रावणात मावशींनी हाक मारली.

"इधर आओ साहेबजी, तुमची हुशारी बघा." सूत सालीत रुतलं होतं आणि वरची पानं पिवळी पडली होती. "गाठ एकदम पक्की आहे हो. वेल मरून राहिली."

मला त्यांचाच राग आला. मग स्वतःचा आला, तो मात्र योग्य होता. मी मेजरसाहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी. ते नुसतं "हूं" म्हणाले.

चार दिवस भर पावसात आम्ही ब्लेडनं एकेक गाठ कापली. नवी बांधणी मावशींनी ठरवली: सैल वेढा, आत बोट फिरलं पाहिजे. मी प्रत्येक वेढ्यात बोट घालून पाहिलं.

ऑक्टोबरात दुसरी छाटणी झाली, काड्यांवरचे डोळे फुटले, घड लागले. डिसेंबरात आभाळ भरून आलं आणि तिसऱ्याच दिवशी मावशी धावत आल्या. त्यांच्या एका रांगेत एका पानावर चिमूटभर पांढरं दिसलं होतं. दुपारच्या आत मळाभर औषध फवारून झालं. गेली दोन वर्षं ही भुरी घड सुकल्यावर कळली होती, यंदा पहिल्या पानावर सापडली. आम्हाला हसणाऱ्यांतले दोघं मावशींकडे पान ओळखायला शिकायला आले.

फेब्रुवारीत वाइन करणारे तज्ज्ञ गोडी मोजायची नळी घेऊन आले. रस टाकून त्यांनी पाहिलं, काच पुसून पुन्हा पाहिलं.

"चोवीस. सर, मला बावीस मिळाली असती तरी चाललं असतं."

मेजरसाहेबांनी नळी स्वतःच्या डोळ्याला लावली. मग वरच्या मोकळ्या शेताकडे हात केला. "तिथं पण वेली लावू. माणसं मिळतील?"

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलच्या चाळीत बारा दारं वाजवली. दाढी वाढलेले, महिनोन्महिने घराबाहेर न पडलेले लोक दार उघडत होते आणि मी प्रत्येकाला एवढंच सांगत होतो, "उद्या सात वाजता. हातोदची बस."