तांबोळीबाईंची मोहरी

तांबोळीबाई कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी मिसळणाचा डबा मागत. मोहरी तळहातावर घेत, चष्मा कपाळावर चढवत आणि दाणे बोटाने पसरून बघत. "अहो, यात दोन जाती आहेत. वाण्याने फसवलंय तुम्हाला," असं घरच्या बाईला तोंडावर सांगत. आमच्या कर्वेनगरच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या, त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाईंनी वाणी बदलला.

मुमताज तांबोळी मोहरीचे नवे वाण तयार करत. पुण्यातल्या एका शेती संशोधन केंद्रात त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. मी संख्याशास्त्राची, त्यांच्या शेतातल्या मोजमापांची आकडेमोड माझ्याकडे येई. नवीन असताना मी विचारलं होतं, "जास्त उत्पन्न देणारा जीन एकदा सापडला की काम झालं ना?"

"एकच असता तर मी केव्हाच घरी बसले असते," त्या म्हणाल्या. "उत्पन्न म्हणजे एका माणसाची कमाई नाही, एकत्र कुटुंबाचा संसार आहे. सगळे थोडं थोडं आणतात, आणि कोण किती आणतो ते कळत नाही. शेंगा वाढवायला जावं तर दाणा बारीक होतो."

मोठ्या साहेबांना हे काम फुकट वाटे. "महाराष्ट्रात मोहरी फोडणीपुरती लागते, बाई," ते एकदा बैठकीत म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "फोडणी तर घरोघर रोज लागते. की तुमच्याकडे भाज्या उकडूनच खातात?" साहेबांनी पुढचा विषय घेतला.

फुलोऱ्याच्या दिवसांत बाई पहाटे शेतात असत. कळी उमलायच्या आत चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, हव्या त्या झाडाचे पराग लावायचे आणि मधमाशी शिरू नये म्हणून वर मलमलची पिशवी बांधायची. त्या पिशव्या यूसुफभाई, म्हणजे त्यांचे यजमान, शिवून देत. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. "लोकांच्या बायका दागिने मागतात. मी बायकोच्या झाडांना कुडते शिवतो," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

अशा कितीतरी हंगामांनंतर एका संकरातून तो वाण निघाला. शेंगा भरपूर आणि तरी दाणा टपोरा. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले. बाई खुर्चीवर टेकून म्हणाल्या, "यात कोणकोण एकत्र आलंय, ते मला ठाऊक नाही. पुन्हा जुळवायला सांगाल तर जमणार नाही."

पण मोहरीचं काम बंद झालं. बाई निवृत्त झाल्या, केंद्रातल्या बी साठवायच्या थंड खोलीतली त्यांची जागा दुसऱ्या पिकाला गेली आणि बियांची पाकिटं त्यांच्या घरी आली. बाहेरच्या हवेत ते बी फार वर्षं तग धरत नाही. पेरून, फुलोऱ्यात रोज पिशव्या बांधून नवं बी धरावं लागतं, आणि ते काम बाईंशिवाय कुणाला येत नव्हतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने वाफा द्यायचं कबूल केलं. त्याच दिवाळीत यूसुफभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं.

माझी तेव्हा अकोल्याला बदली झाली होती. मी फोनवर विचारलं, "बाई, सकाळपुरतं कुणी त्यांच्यापाशी बसणार नाही का?"

"बसायला माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "पण त्यांना पाणी हवंय की कूस बदलायचीय, ते मलाच कळतं. मी उठले की त्यांचे डोळे दारापर्यंत माझ्यामागे येतात. नाही हो जमत."

तो हिवाळा गेला. पुढचेही गेले. यूसुफभाई अंथरुणावरून उठले नाहीत. ते गेल्यावर काही महिन्यांनी मी पुण्याला परतले, तेव्हा बाईंचा निरोप आला: "बी बघायचंय. एकटीने बघवणार नाही."

त्यांच्या भवानी पेठेतल्या घरी आम्ही ओल्या टिपकागदावर दाणे मांडले. जिवंत मोहरी दोन-तीन दिवसांत कोंब दाखवते. मी रोज जात होते. बाई कागद ओला करत आणि ताटली झाकून ठेवत. आठवड्याने दाण्यांवर बुरशी धरली. मग दुसरं पाकीट, मग तिसरं. एकाही दाण्याने डोकं वर काढलं नाही.

शेवटची ताटली त्यांनी स्वतः धुतली. पदराला हात पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या.

"पुन्हा तीच वेळ आली तरी मी मांजरीला जाणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्यापाशीच बसेन. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच हो. दोन्ही गेलं."

आणि मग त्या रडल्या. यूसुफभाई गेले तेव्हाही रडल्या नव्हत्या, असं त्यांची बहीण मला नंतर म्हणाली. मी त्यांचा हात धरून बसून राहिले.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. त्यांची ती मोहरी उभी पाहिलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून सांगून ठेवते. झाड माझ्या खांद्याला लागायचं. फांद्या अगदी बुडापासून फुटायच्या. आणि शेंगा पूर्ण वाळल्या तरी तडकायच्या नाहीत. हाताने उघडेपर्यंत दाणे आत धरून ठेवायच्या.