टक्काभर कर आणि गल्लीतला दिवा

आमच्या गावच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, उन्हाळ्यात फुलांच्या टोपल्या टांगतात. लोक माना वर करून बघतात, फोटो काढतात. मी तिथून खाली बघत चालते. त्या फुलांत माझाही पैसा आहे, आणि तो माझ्याकडून कसा काढून घेतला ते आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. इंग्लंडच्या मिडलँड्समधलं मध्यमसं गाव. हे तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत कपडे ऑल्टर करायचं दुकान चालवत होते. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, आणि लग्नाच्या दिवसांत लेस्टरहून साड्या आणणाऱ्या बायकांचे ब्लाउज शिवणं. डॉक्टरच्या बायकोने लोकांच्या पँटी का आखूड कराव्यात, असं आमच्या मराठी मंडळातल्या बायका एकमेकींना विचारायच्या. मला विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी रस्त्याचा एक दिवा होता आणि तो बंद होता. इकडे हिवाळ्यात चारला अंधारून येतं. त्यानंतर एकटी बाई त्या गल्लीत पाऊल टाकायची नाही, आणि माझी गिऱ्हाइकं म्हणजे कामावरून सुटून येणाऱ्या बायकाच. नोव्हेंबर लागला की साडेतीनपासून मी मशीनपुढे नुसती बसून असायची. कौन्सिलला पत्रांवर पत्रं लिहिली. उत्तर ठरलेलं: आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आणखी एक हिवाळा असा गेला असता तर मला दुकान बंदच करावं लागलं असतं.

म्हणून नव्या कराची बातमी आली तेव्हा गल्लीत आनंद झालेली मी एकटीच. योजना अशी होती. बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानांवरचा कर, आम्ही दुकानदार भरत होतोच. जागेचं वर्षाचं भाडं सरकार जेवढं धरतं त्या आकड्यावर ते बसतात; त्याच आकड्यावर आणखी टक्काभर लेव्ही, म्हणजे जादा कर, पाच वर्षं. त्यातून दिवे, कॅमेरे, साफसफाई, फुलं. दुकानदारांचं पोस्टाने मतदान होणार, आणि बहुमत ‘हो’ म्हणालं की ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही भरणं भाग. माझ्या शेजारी सायप्रसहून आलेला एक म्हातारा न्हावी होता. तो कपाळाला हात लावून बसला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं त्याला मराठी येत असतं तर तो नक्की म्हणाला असता. मी उलट त्यालाच समजावलं. दिवा लागणार असेल तर एक टक्का काय, दोन देऊ. रेट्समधून काही होत नाही हे बघितलंच आहे, निदान या पैशाचा हिशेब तरी विचारता येईल.

चर्चच्या हॉलमध्ये सभा झाली. योजनेच्या अध्यक्षीणबाईंचं हाय स्ट्रीटवर गिफ्ट शॉप होतं, आणि हे ज्यांच्या हाताखाली काम करायचे त्या बड्या डॉक्टरांच्या, कन्सल्टंटच्या, त्या पत्नी. मी हात वर केला आणि विचारलं, आमच्या गल्लीतला दिवा या योजनेत आहे का?

“व्हॉट अ लव्हली क्वेश्चन!” बाई म्हणाल्या. “द प्लॅन इज व्हेरी फ्लेक्सिबल.”

मग चहा आला. ‘हो’ की ‘नाही’ एवढंच मी विचारलं होतं. चहा न घेता योजनेची पुस्तिका उचलून घरी आले.

पुस्तिकेत दोन नकाशे होते. पुढे एका पानावर लेव्ही कुणी भरायची त्याची हद्द, आणि पार शेवटच्या पानावर कामं कुठे होणार ते. मी ब्लाउज बेतायचा बटर पेपर घेतला, पहिल्या नकाशावर ठेवून हद्द पेन्सिलीने उतरवली, आणि तो कागद उचलून शेवटच्या पानावर ठेवला. हद्द आमची गल्ली पोटात घेऊन चांगली दोन बोटं पलीकडे गेली होती. नवे दिवे मात्र हाय स्ट्रीटवरच्या क्लॉक टॉवरपाशीच संपत होते. गल्लीत एक ठिपका नाही. दिवा नाही, कॅमेरा नाही, कचऱ्याचा डबासुद्धा नाही. कापड माझ्याकडून घ्यायचं आणि सदरा दुसऱ्याचा शिवायचा, असला हा बेत.

मी चिडले म्हणजे नुसती चिडून बसत नाही. पुढचे पंधरा दिवस दुपारी दुकानाला कुलूप लावून, तो बटर पेपर टाचण्यांनी पुस्तिकेला टाचून, मी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. चपला दुरुस्त करणारा, पाळीव प्राण्यांचं खाणं विकणारी बाई, किल्ल्या बनवणारा. सगळ्यांना नकाशावर नकाशा ठेवून दाखवला. न्हाव्याने माझ्यासमोर ‘नो’वर फुली मारली, पाकिटाला जीभ लावली आणि विचारलं, “यू डू द सेम, यस?”

“ऑफ कोर्स,” मी म्हणाले.

माझा मतदानाचा कागद अजून आला नव्हता. पोस्टाचा घोळ असेल, येईल, असं मी धरून चालले.

चार दिवसांनी न्हावी माझ्या दुकानात आला. कात्री वरच्या खिशात तशीच, हातात लेव्हीवाल्यांचं नवं पत्रक. ‘या दुकानांचा आम्हाला पाठिंबा’ अशी त्यात यादी होती. त्याने बोट ठेवलं तिथे माझ्या दुकानाचं नाव.

“यू केम टू माय शॉप विथ युवर पेपर,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. पत्रक मशीनवर ठेवून तो निघून गेला.

घरी आले तेव्हा हे सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होते.

“अहो, दुकानाचा बॅलट पेपर घरी आला होता का?”

“हो, आला ना. लास्ट वीक. टाकला पण पोस्टात, डेडलाइन जवळ आली होती.”

“खूण कशावर केलीत?”

“यसवर. अगं, त्या अध्यक्षीणबाई स्वतः मला हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये भेटल्या. सपोर्टचा फॉर्म पुढे केला, मी साइन केला. बॉसच्या बायकोला तोंडावर नो कसं म्हणायचं? आणि एनीवे, लाइट तुलाच हवा होता ना?”

“आणि मी पंधरा दिवस गल्लीभर फिरतेय ते?”

“मला काय माहीत? तू कुठे काय बोललीस?”

खरंच बोलले नव्हते. दुकानाचा विषय काढला की यांचा हात टीव्हीच्या रिमोटकडे जायचा, म्हणून मी तो काढणंच सोडलं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. यांनी कार पार्कमध्ये भीड धरली आणि भिकेला माझं दुकान लावलं. असं मी तोंडावर बोलले. बरंच बोलले. ताटं वाढली नाहीत.

मुलीने तोवर मतदानाची नियमावली उघडली होती. ती इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. “आई, तुझा नाव कुठेच नाहीये. लीज डॅडीच्या नावावर आहे, सो व्होट डॅडीचाच.”

आणि ते नाव घालायला सांगणारी मीच होते. नऊ वर्षांपूर्वी लीजचे, म्हणजे दुकानाच्या भाडेकराराचे, कागद करताना एजंटने विचारलं होतं, कुणाचं नाव? मी म्हणाले, यांचंच घाला, बरं दिसतं. गाडी यांच्या नावावर, गॅस यांच्या नावावर, घर यांच्या नावावर; आमच्याकडे कागद पुरुषाच्या नावावर असतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पत्रव्यवहारालाही मीच घरचा पत्ता दिला होता. यांच्यावर ओरडताना हे मला आठवत होतं, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडत होते.

सकाळी मतदानाच्या ऑफिसला फोन केला. पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, “आर यू द रेटपेयर, मॅडम?” रेट्सचं बिल तर यांच्या नावाने यायचं. मी म्हणाले, दुकान मी चालवते. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी फोन ठेवला.

मग न्हाव्याकडे गेले. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच सगळं सांगून टाकलं. तो एका गिऱ्हाइकाची मान साफ करत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सो हूज शॉप इज इट?” त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळलं नव्हतं. 

‘हो’वाले जिंकले, चांगल्या फरकाने. तुझ्या एका मताने काही उलटलं नसतं, हे यांनी मला तीनदा समजावून सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा मी लीजचे कागद पुढ्यात आपटले. माझ्या नावावर करा.

“एवढं काय त्यात? कागदच तर आहे.”

“कागदच होता ना? मग त्या बाईंना नाही म्हणायला काय झालं होतं?”

यांनी सही केली. दुकानाच्या जागामालकाच्या एजंटने आणखी दोन महिने खाल्ले. एप्रिलमध्ये दुकानाच्या दारातून एक पाकीट आत पडलं. त्यावर माझं नाव होतं, पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, मी एजंटला लिहून दिलं होतं तसं. नऊ वर्षांत त्या दुकानात माझ्या नावाने आलेला पहिला कागद. उघडला तर लेव्हीचं बिल.

मी ते दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं, बाहेरून नाव वाचता येईल असं. थोड्या वेळाने न्हावी त्याच्या दारातून बाहेर आला आणि चष्मा लावून वाचत उभा राहिला. त्याच्या हातात त्याचंही बिल होतं. मी मशीन चालूच ठेवलं.