चित्रासाठी वाढवलेल्या मिशा

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्या कॉलेजच्या कलादालनाचा मोसम सुरू होतो, तो थेट उन्हं तापेपर्यंत चालतो. आधी विद्यार्थ्यांची व्यक्तिचित्रं, मग मातीकाम, मग अक्षरलेखन आणि शेवटी आम्हा शिक्षकांचं प्रदर्शन. दालन माझ्याकडे आहे. म्हणजे खिळे, दिवे, चिठ्ठ्या, पाहुण्यांचा चहा आणि पाहुणे उशिरा आले की कुजबुजणाऱ्या पोरांवर डोळे वटारणं, हे सगळं माझं. अमरावतीत मी कडक बाई म्हणून ओळखली जाते आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

यंदा दिवाळीला अकोटला माहेरी गेले तेव्हा मी बाबांना कबूल केलं होतं की शिक्षकांच्या प्रदर्शनात तुमचं चित्र लावणार. तैलरंगात, अगदी समोर बसवून. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, आता घरीच असतात. मी शिकत होते तेव्हा माझ्या सरावासाठी तेच बसायचे, ओसरीत, तासन्तास, नाकावर माशी बसली तरी न हलता. त्याचा त्यांना केवढा अभिमान! त्यामुळे स्वारी खूश झाली. निघताना मी चेष्टेत म्हणाले, "बाबा, मिशा वाढवा बरं. चित्रात रुबाब दिसन."

एसटीत बसेपर्यंत मी ते विसरलेसुद्धा.

मग दर रविवारी त्यांचा फोन. "मंग, कधी बसू?"

"हे प्रदर्शन होऊ द्या, बाबा."

"हो हो, होऊ दे. मी कुठी चाललो?"

अमरावतीहून अकोट काही परदेश नाही. सकाळी निघालं की दुपारचं जेवण घरी होतं. पण मला काही ते जमलं नाही.

माझा एक नियम आहे. व्यक्तिचित्र माणूस समोर बसवूनच काढायचं. मोबाइलमधला फोटो पाहून काढलेलं चित्र मला लगेच कळतं, त्यातला माणूस कॅमेऱ्याकडे बघत असतो, आपल्याकडे नाही. यंदाच्या पहिल्याच प्रदर्शनात धामणगावच्या एका मुलीनं आईचं चित्र असं फोटोवरून केलं होतं. उद्घाटनाच्या सकाळी मी ते भिंतीवरून उतरवलं. पोरगी रडकुंडीला आली. "मॅडम, आई पहाटेच भाजी घेऊन बाजारात जाते. तिले बसाले टाइमच नाही भेटत."

"वेळ नाही हे कारण नसतं," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

त्या रविवारी बाबांनाही मी हा पराक्रम ऐकवला. "बराबर केलं," बाबा म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

शिक्षकांचं प्रदर्शन तोंडावर आलं आणि माझा कॅनव्हास कोराच. मग मी काय केलं? आतेबहिणीच्या लग्नातला बाबांचा जुना फोटो शोधला. बारीक, कलप लावलेल्या मिशा, गाल भरलेले, अंगात निळा शर्ट. दार लावून घेतलं आणि त्यावरून चित्र उरकलं. ते वाईट झालं नव्हतं, याचाच मला जास्त राग येतो. खाली चिठ्ठी लावली, 'व्यक्तिचित्र, तैलरंग'. बाबांना म्हणाले, उन्हात दगदग नको, येऊ नका.

पण बाबा आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर दुपट्टा आणि मिशा! पांढऱ्याशुभ्र, भरघोस, टोकं वर वळवलेली. माझ्या एका शब्दावर त्यांनी दिवाळीपासून त्या राखल्या होत्या आणि आपल्याला बसायला बोलावतील म्हणून वाट पाहिली होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते सरळ चित्रापुढे जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"लग्नातला फोटो हाय न हा?" त्यांनी हळूच विचारलं. मी मान हलवली.

तेवढ्यात धामणगावची तीच मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. तिनं चित्राकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "मॅडम, चित्रातले हे तुमचे बाबाच आहेत ना? पण मिशा तर..."

माझ्या आधी बाबाच बोलले. "नाही बाई, तो मी नोहे. माहा लहाना भाऊ हाय तो. मॅडमपुढे रोज येऊन बसे. हालला नाही बिचारा जागचा."

बाबांना भाऊ नाही. चार बहिणींत ते एकटे आहेत. जन्मभर काट्यावर उभा राहिलेला हा माणूस खोटं बोलताना मी कधी ऐकला नव्हता. मुलींनी "छान आलंय" म्हटलं आणि त्या पुढच्या चित्राकडे वळल्या. मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "बाबा, चहा घेता का?"

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या आईचं चित्र आणून दाराजवळच्या भिंतीवर लावलं. तिनं विचारलं, "मॅडम, हे कसं काय?" मी म्हणाले, "जागा झाली." सांगायला लाज वाटते, पण तेवढंच म्हणाले.

रविवारी रंगांची पेटी घेऊन अकोट गाठलं. दार बाबांनी उघडलं. मिशा सफाचट.

"हे काय केलं, बाबा?"

"तुहं चित्र लागलं न भिंतीले. मंग कायले ठेवू? जेवताना लय तरास होये."

"बसा. आज काढते."

"असा? वाढू दे न पुन्हा. दिवाळीपर्यंत होतीन."

"नाही. आत्ताच. आहेत तसेच."

ते ओसरीत खुर्चीवर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, पूर्वीसारखेच. गाल आत गेले होते. वरच्या ओठावर, मिशा होत्या तेवढीच जागा उजळ राहिली होती, बाकी चेहरा उन्हानं रापलेला. मी ती जागा काढायला घेतली आणि मला कॅनव्हासच दिसेना.

"काहून वं," बाबा ओठ न हलवता म्हणाले, "मले म्हनते हालू नोका, आन सोताच हालून राह्यली."